एका दिवसाचं मौन

नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तिच्या जागी मी मुलींच्या प्रार्थना-शिबिराला गेले. त्यामागे दुसरं काही कारण नाही. मला देवाधर्माची फार ओढ आहे असं कोणी म्हणणार नाही, आणि तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींची तर मला जरा भीतीच वाटते. पण नणंद बारा वर्षं त्या शिबिरात मदतीला जात होती. पाय उशीवर ठेवून ती पडली होती आणि म्हणाली, "अगं, दहाच दिवस. प्रार्थना मोठ्या बाई घेतात. तू फक्त मुलींवर लक्ष ठेवायचं. तुझी रजा नुसती पडून आहे ना?"

रजा पडून होती हे खरं. मी एका रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर बसते, त्याला अठरा वर्षं झाली. काचेला एक गोल भोक आहे, त्यातून दिवसभर बोलायचं. एक्स-रे दुसऱ्या मजल्यावर. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी. नाही, भेटायची वेळ संपली. संध्याकाळी घरी आल्यावर मी नवऱ्याशी हो-नाहीच्या पुढे बोलत नाही, आणि त्या बिचाऱ्यालाही आता त्याची सवय झाली आहे. ती रजा मी झोपण्यासाठी साठवली होती. पण आजारी नणंदेला नाही म्हणायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नाही.

शिबिर सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका शाळेत होतं. बाकं भिंतीला लावून वर्गात गाद्या टाकल्या होत्या. चौतीस मुली होत्या, त्यातल्या सतरा माझ्या वर्गात. फळ्यावर कोणाचं तरी अर्धवट गणित तसंच राहिलं होतं. ते पुसू नका अशी शाळेची ताकीद होती म्हणे, का ते देव जाणे.

मोठ्या बाई म्हणजे एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ फुटपट्टीसारखी. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "झोप चांगली लागते का तुम्हाला?"

"लागते," मी म्हटलं.

"मग सवय करा," असं म्हणून त्या पुढे गेल्या.

साडेपाचला घंटा. मग चार नळांवर चौतीस मुलींची रांग. सहाला प्रार्थना, मग पाठ, नाश्ता, साफसफाई, मोठ्या बाईंचं प्रवचन, जेवण, शिवणकाम, खेळ, पुन्हा प्रार्थना. कागदावर हे सगळं सुबक दिसायचं. प्रत्यक्षात कोणाचा तरी टॉवेल कोणीतरी घेतलेला असायचा, कोणीतरी रडत असायचं, आणि रडणारीभोवती सहा जणी सांत्वनाला बसून स्वतःच रडत असायच्या. तिसऱ्या दिवशी माझा आवाज बसला. स्वयंपाकघरातल्या मावशी मला कोमट पाणी देत म्हणाल्या, "तुमच्या नणंदबाई ओरडायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या." मी म्हटलं, "मला बघायला वेळ मिळाला तर मीही बघेन."

माझ्या वर्गात एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. किरकोळ अंगाची, केस मागे घट्ट बांधलेले, आणि तोंडाची टकळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू. बरं, स्वतःबद्दल ती काहीच बोलायची नाही. या मुलीचं त्या मुलीला, त्या मुलीचं हिला. "काकू, ती म्हणते तिचं डोकं दुखतंय." "काकू, मावशी म्हणतात पंगत लावा." "अगं, ती तुझ्यावर रागावलेली नाहीये, तिला फक्त खिडकीजवळची जागा हवीय." दोघींचं भांडण झालं की रेडिओ मध्ये. आणि गंमत म्हणजे तिच्या मध्ये पडण्यानं भांडण मिटायचं. मला तिचा उपयोगच व्हायचा. वर्गातलं काहीही कळायचं असेल तर तिला हाक मारायची. मीही तिला सांगायला लागले, "जा गं, त्यांना सांग, वह्या घेऊन या." माझा घसा वाचत होता.

पाचवा दिवस मौनाचा. सकाळच्या घंटेपासून दुसऱ्या दिवशीच्या घंटेपर्यंत कोणी बोलायचं नाही, लिहूनही नाही, खुणाही नाहीत. मोठ्या बाईंनी आदल्या संध्याकाळी समजावलं, "आपण देवाशी सतत बोलतो, हे दे, ते दे. एक दिवस त्याला बोलू द्या."

मला वाटलं होतं, तासाभरात खसखस पिकेल. थोडी पिकलीही. मग हळूहळू इमारत शांत झाली. ताटल्यांचा आवाज, नळाचा आवाज, पायऱ्यांवरून चपलांचा आवाज. अठरा वर्षांत मी एक अख्खा दिवस बोलले नाही असं झालं नव्हतं. दुपारी शिवणकामाच्या वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती भक्ती नव्हती. खूप दिवस घट्ट बूट घालून हिंडावं आणि मग ते काढावेत, तसं काहीतरी होतं.

सहाव्या दिवशी घंटा वाजली आणि तेहतीस मुली एकदम बोलायला लागल्या. धरण फुटल्यासारखं. फक्त रेडिओ गप्प होती. नळावरच्या रांगेत गप्प, नाश्त्याला गप्प. मी विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?" तिनं मान हलवली. ताप नव्हता. घसा बघितला, लाल नव्हता. डोळेही स्वच्छ, झोप पूर्ण झाल्यासारखे. तेवढ्यात दुसरीकडे कोणीतरी पाण्याची बादली सांडली आणि मी तिकडे धावले.

सातव्या दिवशीही ती बोलली नाही. मी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी लांबून तिच्याकडे पाहिलं. खिडकीत बसून ती शांतपणे बटण शिवत होती. मोठ्या बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "बावीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "मौन खऱ्या अर्थानं एकीला तरी लागलं." आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आपल्यातल्या एका मुलीला आतला आवाज ऐकू आला आहे, तिच्याकडून शिका.

झालं. आठव्या दिवशी सकाळी अकरा जणी गप्प होत्या. काही जणींनी डोळे अर्धवट मिटून चालायचा सराव सुरू केला. एक चष्मेवाली मुलगी मौनातच आपली वही ओढून घेणाऱ्या मुलीच्या पाठीत गुद्दा घालताना मला दिसली. मावशी ताटं वाढताना म्हणाल्या, "काय हो, ही देवभक्ती की साथ?"

खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. अकरा जणी गप्प म्हणजे अकरा आवाज कमी. रेडिओच्या बाबतीत काहीतरी वेगळं आहे हे मला जाणवत होतं. जी मुलगी दिवसभर दुसऱ्यांचं सांगत असते ती अशी एका रात्रीत साध्वी होत नाही. पण विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. म्हणून मी तो अख्खा दिवस तसाच जाऊ दिला. याचा मला अजून त्रास होतो.

नवव्या दिवशी दुपारी घरी फोन करायची वेळ होती. मुलींचे मोबाइल पहिल्या दिवशीच कपाटात ठेवले होते. शाळेच्या कार्यालयातल्या फोनवरून प्रत्येकीला तीन मिनिटं. मी यादी घेऊन टेबलाशी बसले होते. शिबिराच्या दुसऱ्या दिवशीही अशीच वेळ झाली होती, आणि तेव्हा रेडिओ फोनवर बातम्या वाचल्यासारखी बोलली होती: "हो. हो, सांगते. बाबांना दे. बाबा, आई विचारते…" तेव्हा माझं लक्ष यादीकडे होतं.

या वेळी तिनं नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "मी शिबिरातून बोलतेय. मुलगी छान आहे. सध्या तिनं मौन धरलंय, म्हणून मीच…"

"बरं बरं," तिची आई म्हणाली. आवाज चांगला होता, सुशिक्षित, घाईतला. "मग तुम्हीच तिला एक सांगा. तिला म्हणावं, बाबांना सांग, टाकी साफ करणारा माणूस गुरुवारी येणार आहे. घरी थांबा म्हणावं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "तिचे बाबा घरी नाहीत का?"

"आहेत ना. बाहेरच्या खोलीत पेपर वाचतायत."

मी फोन कानाला धरून रेडिओकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होती.

आईनं फोन ठेवला. पुढच्या मुलीला मी हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. पुरुषाचा आवाज, अगदी शांत. "मी तिचे वडील बोलतोय. आत्ता काही बोलणं झालं असेल तर तिला सांगा, तिच्या आईला कळवायला, की टाकीवाल्याला मी कालच नको म्हणून सांगितलंय."

"तुम्ही… म्हणजे त्या शेजारच्याच खोलीत आहेत ना?"

"हो," ते म्हणाले. जणू मी हवापाणी विचारलं होतं.

मी फोन ठेवला. बाहेर रांगेत मुली कुजबुजत होत्या. मी यादी दुसऱ्या वर्गातल्या मदतनीस बाईंच्या हातात दिली, म्हटलं, "जरा बघा," आणि रेडिओला घेऊन स्वयंपाकघरामागच्या पायऱ्यांवर गेले. तिथे ऊन नव्हतं. बटाट्याच्या सालींची बादली होती. आम्ही बसलो. मी काही विचारलं नाही. मग मी म्हटलं, "मलाही बोलायचा फार कंटाळा येतो गं."

तेव्हा ती बोलली. चार दिवसांनी आवाज जरा घोगरा झाला होता.

"काय म्हणाले?"

"टाकीचं काहीतरी. तुला नाही सांगत मी."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तीन वर्षं झाली. आधी मला आवडायचं. दोघंही माझ्याशीच बोलायचे. मैत्रिणींकडे आईबाबा एकमेकांशी बोलतात, मुलींना कोणी विचारतच नाही."

"मग?"

"मग मी बदलून सांगायला लागले. आई म्हणते, त्या माणसाला म्हणावं दिवे बंद करायला काय होतं. मी सांगते, बाबा, आई म्हणते झोपताना दिवा बघा हं. बाबा काहीतरी टोचून म्हणतात, त्याचं मी गोड करते. सारखं ते डोक्यात करावं लागतं. शाळेतही करते. एकदा परीक्षा होती, मी कंटाळले, जसंच्या तसं सांगितलं, तर बाबा दोन दिवस जेवले नाहीत." ती बादलीतल्या सालींकडे बघत होती. "मौनाच्या दिवशी कोणीच मला काही सांगितलं नाही. दुपारी एकदम कळलं की डोक्यात काहीच नाहीये. मला वाटलं, अजून एक दिवस. मग अजून एक."

मला आठवलं की या शाळेत आल्यापासून मीही तिला दिवसातून दहा वेळा सांगत होते, जा गं, त्यांना सांग.

"काकू," ती म्हणाली, "बाई म्हणाल्या मला आतला आवाज ऐकू आला. मला काहीच नाही ऐकू आलं. मी तसंच बसून राहिले, नाही म्हटलं नाही. हे पाप आहे का?"

नणंद असती तर तिला काहीतरी नीट उत्तर सुचलं असतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत गं. मी चौकशीच्या खिडकीवर बसते. कुठल्या मजल्यावर काय आहे तेवढंच मला येतं."

ती हसली. मोठ्यानं नाही, पण हसली.

"बाईंना सांगू का मी?" मी विचारलं. "तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

तिनं खूप विचार केला. "सांगा," ती म्हणाली. "पण जसं आहे तसं सांगा. गोड करू नका."

मोठ्या बाई प्रार्थनेच्या खोलीत चटया सरळ करत होत्या. मी जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी आधी ओठ आवळले. "कारण काही का असेना, मौन ते मौन," त्या म्हणाल्या. मग चटईचं टोक हातातच धरून खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदा त्यांची पाठ वाकलेली मला दिसली.

"बावीस वर्षं मी या मुलींना गप्प बसायला शिकवते," त्या म्हणाल्या. "कोण कशानं गप्प बसलंय, हे विचारायचं राहूनच जातं. तुम्हाला शंका आली होती?"

"काल आली होती."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"दमले होते," मी म्हटलं. खोटं काही मला सुचलं नाही.

मला वाटलं त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "मी पण." आणि आम्ही दोघी मिळून उरलेल्या चटया सरळ केल्या.

संध्याकाळी त्यांनी मुलींना सांगितलं, "मौन एका दिवसाचं होतं, ते संपलं. मी परवा एकीचं कौतुक केलं, ते करायला नको होतं. मी चुकले. ज्यांना बोलायचंय त्यांनी बोला. ज्यांना नाही बोलायचं त्यांना कोणी शाबासकी देऊ नका, आणि दटावूही नका." मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं मुख्याध्यापिका राहिलेली बाई सगळ्यांदेखत 'मी चुकले' म्हणते, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. मीही. जेवायच्या वेळेपर्यंत दहा साध्वी पुन्हा बोलायला लागल्या होत्या. चष्मेवालीनं तर मागची बाकी व्याजासकट फेडली.

दहाव्या दिवशी सकाळपासून पालक यायला लागले. अंगणात बॅगा, गाद्यांच्या वळकट्या, रडारड, पत्ते लिहून घेणं. रेडिओचे आईवडील एकाच गाडीतून आले. आई पुढच्या दारातून उतरली, वडील आपल्या बाजूनं. दोघांमध्ये फार तर दोन हातांचं अंतर. दोघंही चांगले दिसत होते, नीटनेटके. मी कोणी राक्षस येतील अशी कल्पना केली होती.

आईनं लेकीला जवळ घेतलं, केस सारखे केले. मग म्हणाली, "किती वाळलीस! बरं, बाबांना सांग, गाडी जरा पुढे घ्या म्हणावं, मागच्यांना निघता येत नाहीये."

रेडिओ बॅगेचा पट्टा धरून उभी राहिली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले. अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, ही बोलत नाहीये वाटतं. तुम्हीच सांगा जरा यांना. मागच्यांना भरपूर जागा आहे म्हणावं."

अठरा वर्षं मला कोणी काही विचारलं की तोंड आपोआप उघडतं. ते उघडलंही. मग मी ते मिटलं आणि पुन्हा उघडून म्हटलं, "त्या इथेच उभ्या आहेत. तुम्हीच सांगा. मी कोणाचे निरोप पोचवत नाही, आणि तिनंही पोचवू नयेत."

आईचा चेहरा लाल झाला. "तुमचा काय संबंध?"

"माझा काही संबंध नाही," मी म्हटलं. "म्हणूनच म्हणते."

तेव्हा रेडिओ बोलली. हळू, पण स्पष्ट. "आई, बाबा तुझ्यासमोर आहेत. बाबा, आई तुमच्यासमोर आहे. मी गाडीत बसते." आणि बॅग उचलून ती खरंच गाडीत मागे जाऊन बसली, काच वर केली.

दोघं तसेच उभे. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. वडील खिसे चाचपायला लागले. एकदा, दोनदा. शेवटी आई दुसरीकडे बघत म्हणाली, "किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. उतरताना तुम्हीच दिली होतीत."

"हो," ते म्हणाले. "द्या."

एवढंच झालं. गाडी पुढे गेली, वळली, दिसेनाशी झाली. मुलीनं मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन मी दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं शिबिर?" मी नेहमीसारखं "बरं" म्हणून उठणार होते. पण बसले आणि त्याला सगळं सांगितलं. दीड तास लागला. त्यानं मध्ये एकदाच उठून चहा ठेवला.

महिनाभरानं मुलीच्या आईचं पत्र शिबिराच्या समितीकडे आलं. एका मदतनीस बाईनं घरगुती गोष्टींत नाक खुपसलं, मुलीच्या मनावर परिणाम केला, वगैरे. मोठ्या बाईंनी माझी बाजू घेतली असं नणंद सांगते, पण समितीनं ठरवलं की पुढच्या वर्षी मला बोलवायचं नाही. ते ऐकून मला हायसं वाटलं. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. दोन्ही खरं.

ते आईवडील त्याच वर्षी वेगळे झाले. मुलगी आईकडे राहते, सुट्टीत वडिलांकडे जाते. माझ्यामुळे झालं की होणारच होतं, हे मला सांगता येणार नाही. मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात नणंद काठी टेकत स्वतःच शिबिराला गेली. परत आल्यावर मी विचारलं, "ती आली होती का?"

"आली होती की," नणंद म्हणाली. "कसली आगाऊ मुलगी आहे गं! पहिल्याच दिवशी दोघी जणी भांडत होत्या, मी तिला म्हटलं, जा, समजाव त्यांना. तर म्हणते, त्यांचं त्या बघतील, मला झोपायचंय. आणि पांघरूण घेऊन झोपली."

"मग?"

"मग काय? मलाच उठावं लागलं, असल्या गुडघ्यानं."

मी म्हटलं, "झोपू दे तिला."